कामगार कायद्यातील सुधारणा कशी तपासावी: मराठवाड्यातील वाचकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० या चार कामगार संहिता लागू केल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. त्या दिवसापासून एका बाजूने ‘स्वातंत्र्यानंतरची सर्वांत मोठी सुधारणा’ आणि दुसऱ्या बाजूने ‘कामगारांच्या हक्कांवर घाला’ अशी दोनच वाक्ये कानांवर पडत आहेत. गावातील सरपंच, युनियनचा कार्यकर्ता, तालुक्याचा वार्ताहर, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी किंवा स्वतः कंत्राटी पद्धतीने काम करणारा तरुण यांपैकी कोणालाही या दोन वाक्यांतून आपल्या परिस्थितीविषयी काही कळत नाही. सुधारणा कोणत्याही देशातील असो, ती तपासण्याची एक पद्धत असते आणि ती शिकता येते. ती पद्धत येथे मराठवाड्यातील उदाहरणे घेऊन मांडली आहे.

पद्धतीचे मूळ सूत्र असे की सुधारणेची सुरुवात तिच्या उद्दिष्टांपासून वाचू नये. एक ठरावीक कामगार निवडावा आणि त्याला हाताशी धरून कायद्यातून शेवटपर्यंत चालत जावे. तो जेथे बाहेर फेकला जाईल, तेथे खूण करावी. अशा खुणा कोठे आणि किती पडल्या, यावरून त्या सुधारणेची खरी लांबी-रुंदी कळते.

कामगार निवडताना

‘कामगार’ या सर्वसाधारण शब्दावर तपासणी चालवली, तर ती हमखास फसते. धारूर किंवा पाटोदा तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीसोबत निघणारे नवरा-बायको, म्हणजे साखर कारखान्याच्या हिशेबातील एक ‘कोयता’. वाळूजमध्ये मोठ्या वाहन कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान युनिटमधील कंत्राटी ऑपरेटर. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बिहारमधून आलेला मजूर. लातूरच्या आडत बाजारातील हमाल. गुढीपाडव्याला सालाचा करार करणारा सालगडी. हे पाचही जण मराठवाड्यात राबतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यांपैकी निदान दोन निवडावेत. त्यांतील एक कारखान्याच्या फाटकाच्या आतला असावा आणि दुसरा बाहेरचा. जगभरात काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक अनौपचारिक क्षेत्रात आहेत, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये नोंदवले होते. विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. त्यामुळे केवळ फाटकाच्या आतला कामगार घेऊन केलेली तपासणी फार तर अर्धी ठरते.

निवडलेल्या कामगाराची माहिती एका पानावर लिहून काढावी: कामाचे ठिकाण, तेथे एकूण किती माणसे, पैसे प्रत्यक्ष कोण देतो, किती दिवसांनी देतो, आगाऊ घेतलेली रक्कम किती, आणि कामगाराच्या स्वतःच्या नावाचा कोणता कागद त्याच्या हातात आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘आधार आणि रेशनकार्ड’ एवढेच येते. ते तसेच लिहावे, कारण पुढचे बरेचसे निष्कर्ष त्यावर अवलंबून असतात.

संख्येच्या रेषा शोधणे

कायद्याचे पुस्तक उघडल्यावर सर्वप्रथम आकडे शोधावेत. प्रत्येक कामगार कायदा ‘इतक्या कामगारांच्या वर लागू’ अशी रेषा ओढतो आणि सुधारणा म्हणजे पुष्कळदा ती रेषा वर किंवा खाली सरकवणे असते. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी २० चे ४० झाले. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांवर लागू होत, आता ५० वर होतात. महाराष्ट्राने ही रेषा संहितेच्या आधीच ५० वर नेली होती. भविष्य निर्वाह निधीसाठी २० आणि कर्मचारी राज्य विम्यासाठी १० ही रेषा कायम आहे.

सर्वांत जास्त वाद झाला तो ३०० च्या रेषेवर. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. आधी ती १०० वर होती. येथे थोडा इतिहास पाहावा. १९७६ मध्ये ही अट पहिल्यांदा आली, तेव्हा ती ३०० कामगारांनाच होती आणि १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली गेली. राजस्थानने २०१४ मध्ये ती पुन्हा ३०० वर नेली. म्हणजे जो आकडा आज नवा म्हणून सांगितला जातो किंवा ज्याला आज विरोध होतो, तो पन्नास वर्षांपूर्वीचाच आहे. हे ठाऊक असले की दोन्ही बाजूंचा आवेश थोडा उतरतो आणि मग मूळ प्रश्न विचारता येतो: आपण निवडलेल्या वाळूजच्या ऑपरेटरला या रेषेने काय फरक पडला? त्याच्या युनिटमध्ये चाळीस-पन्नास माणसे असतील, तर १०० ची रेषाही त्याच्या डोक्यावरूनच जात होती. माझ्या मते वर्तमानपत्रांनी या एका कलमावर जेवढी शाई खर्च केली, तिच्या निम्मी जरी नेमणूकपत्राच्या सक्तीवर खर्च केली असती, तर वाचकांचे अधिक भले झाले असते. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देण्याचे बंधन, ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आणि नोकरी सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करण्याची अट या तीन गोष्टी त्या ऑपरेटरच्या रोजच्या जगण्याला थेट भिडतात.

रेषा केवळ संख्येच्या नसतात, हद्दीच्याही असतात आणि ऊसतोड मजुराच्या बाबतीत तर हीच रेषा निर्णायक ठरते. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आणि आता त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता या दोन्ही ठिकाणी स्थलांतरित म्हणजे राज्याची सीमा ओलांडणारा. संहितेने व्याख्या रुंद केली, स्वतःहून गेलेल्या मजुरालाही आत घेतले, वेतनाची कमाल मर्यादा १८,००० रुपये ठेवली आणि आस्थापनेत असे किमान दहा कामगार असण्याची अट घातली. परंतु शिरूर कासारची टोळी बेळगाव किंवा बागलकोटला गेली, तर ती ‘स्थलांतरित’ ठरते आणि तीच टोळी सांगली-कोल्हापूरला गेली, तर ठरत नाही. दोन्ही ठिकाणी पाल तेच, ऊस तोच, पहाटेची थंडीही तीच. प्रवासभत्त्याचा हक्क मात्र नदीच्या कोणत्या काठावर तोड चालू आहे, त्यावर ठरतो. आपल्या पानावर येथे ठळक खूण करावी.

मालक कोण, हे ठरवणे

तपासणीतील सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वाधिक वेळ देण्याजोगा भाग हा आहे. वाळूजच्या ऑपरेटरच्या बाबतीत साखळी लहान असते: मुख्य कंपनी, ठेकेदार, कामगार. ठेकेदाराने वेतन बुडवले, तर मुख्य मालकाने ते द्यावे, असे कायदा स्पष्ट सांगतो. वेतन संहितेतही मालकाने वेतन न दिल्यास ती जबाबदारी आस्थापनेच्या स्वामीवर टाकलेली आहे. गेटपास, हजेरी, बँक खात्यातील जमा या खुणांवरून ही साखळी सिद्ध करता येते.

ऊसतोडीत साखळी कशी चालते, ते जवळून पाहावे. कारखाना हंगामापूर्वी तोडणी-वाहतुकीचा करार करतो तो वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी. कारखान्याकडून मिळालेल्या आगाऊ रकमेतून मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो. मजूर आणि मुकादम यांच्यात स्टॅम्पपेपरवर मजकूर होतो. कधी तो वाचून दाखवला जातो, कधी कोऱ्या कागदावरच अंगठा उमटतो. फडात ऊस तुटतो, गाडी भरते, कारखान्याच्या काट्यावर वजन होते. वजनाच्या पावतीवर ऊस ज्याचा त्या शेतकऱ्याचे नाव असते, वाहनाचा क्रमांक असतो. ज्याने ऊस तोडला त्याचे नाव कोठेही नसते. पंधरवड्याचे बिल निघते ते कंत्राटदाराच्या नावावर. मजुराच्या हाती आठवड्याची खर्ची येते आणि उरलेला हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. अशी एक वही पाहण्यात आली होती. शाळेच्या शंभर पानी वहीत पेन्सिलने रेघा मारून पाच रकाने केलेले होते: तारीख, टन, खर्ची, खाडा, दवाखाना. ‘तारीख’ आणि ‘टन’ हे रकाने सोडले, तर बाकीचे सगळे वजाबाकीचे.

अशा साखळीत कारखाना म्हणतो, ‘मजूर आमचे नाहीत’. मुकादम म्हणतो, ‘मीही मजुरांतलाच.’ दोघांचेही म्हणणे कागदावर खरे ठरते, हीच यातली मेख आहे. म्हणून कोणतीही नवी सुधारणा समोर आली की विचारावे: साखळीच्या वरच्या टोकाला असलेल्या, पैसा ज्याच्याकडून निघतो त्या घटकाला ही सुधारणा तळाच्या मजुराशी लेखी बांधते का? बांधत नसेल, तर ती कितीही उदार दिसली तरी मुकादमाच्या वहीपाशीच अडते.

हे बांधणे अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच पदरी आहे. हमालाचेही मालक दिवसातून चार वेळा बदलतात. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने त्रिपक्षीय मंडळ नेमले, हमालांची आणि मालकांची नोंदणी केली आणि मालकाने मजुरी व त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची, अशी रचना उभी केली. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचा त्यामागे मोठा वाटा होता. या मंडळांच्या कारभारात पुढे दोष शिरले, बोगस माथाडींचा प्रश्नही उभा राहिला. तरी ‘मालक सापडत नाही’ या सबबीला तेथे कायमचे उत्तर मिळाले. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने स्थापन केलेले लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ मात्र कल्याणाचे आहे: कारखान्यांनी गाळपाच्या प्रतिटन १० रुपये द्यायचे आणि तेवढाच वाटा सरकारने घालायचा, त्यातून योजना चालवायच्या. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे सुरू झाली, ही गोष्ट चांगलीच आहे; आई-बापांबरोबर फडावर जाणारी मुले त्यामुळे शाळेत टिकू शकतात. परंतु मजुरी कोणी, कोणाला, कोणत्या कागदावर द्यायची, हा प्रश्न महामंडळ सोडवत नाही. माथाडी मंडळासारखी रचना आणि हे महामंडळ यांतील फरक मनात पक्का बसला की अर्धी तपासणी झालीच.

आकडेमोड स्वतः करणे

सुधारणेची बातमी टक्क्यांत येते, मजूर मात्र रुपयांत जगतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात झालेल्या वाटाघाटींतून ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि प्रतिटन २७३ रुपयांचा दर सुमारे ३६६ रुपये झाला. ३४ टक्के हा आकडा भरघोस वाटतो. आता तो उलगडून पाहावा.

उदाहरणासाठी धरू की एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो आणि बारा तास राबतो. प्रत्यक्षात गाडी रात्री आली, तर भरायला रात्रीही उठावे लागते. दोन टनांचे ७३२ रुपये होतात, म्हणजे माणशी ३६६. कायद्याप्रमाणे आठ तासांनंतरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणून बारा तास हे हिशेबात आठ अधिक आठ, म्हणजे सोळा तास धरावेत. ३६६ भागिले १६ केल्यास तासाला साधारण २३ रुपये येतात आणि आठ तासांचा रोज १८३ रुपये पडतो. जुन्या २७३ च्या दराने हाच रोज १३६ रुपये ५० पैसे होता. केंद्राने २०१९ मध्ये शिफारस म्हणून जाहीर केलेला राष्ट्रीय किमान वेतनाचा तळदर दिवसाला १७८ रुपये होता. म्हणजे ३४ टक्के वाढीनंतर आपल्या उदाहरणातील मजूर २०१९ चा तो तळदर जेमतेम ओलांडतो. राज्याचा चालू किमान वेतनदर आणि विशेष भत्ता कामगार आयुक्तांच्या अधिसूचनेत मिळतो. तो काढून शेजारी लिहावा आणि टनाचा व तासांचा आकडा आपल्या गावातील टोळीच्या सांगण्याप्रमाणे बदलून हिशेब पुन्हा करावा. कामाच्या नगावर मजुरी असली, तरी वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही, ही तरतूद जुन्या कायद्यात होती आणि वेतन संहितेतही आहे.

दुसरा हिशेब उचलीचा. एका कोयत्याची उचल एक लाख रुपये आणि हंगाम १२० दिवसांचा धरला, तर २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. खर्ची, दवाखाना आणि खाडा वजा करण्यापूर्वीच उचल फिटत नाही. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिळणारे चार पैसे मीठ-मिरचीत जातात. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि मजूर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे बांधला जातो. दर वाढला की उचलही वाढते, म्हणून केवळ दरवाढीची सुधारणा ही गाठ सोडवू शकत नाही.

खाड्याचा हिशेब तर स्वतंत्रपणे मांडावा. एक दिवस आजारपणामुळे किंवा पाळीमुळे फडावर जाता आले नाही, तर ५०० रुपये किंवा त्याहून अधिक खाडा लावण्याची रीत सर्वश्रुत आहे. वेतन संहितेनुसार गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते आणि दंड त्या कालावधीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ३६६ रुपयांच्या दिवसावर ५०० रुपयांची वजावट कोणत्याच कलमात बसत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्या प्रश्नाच्या मुळाशी जी अनेक कारणे होती, त्यांत हा वहीतला चौथा रकानाही होता.

कायद्यापासून कार्यालयापर्यंत

कामगार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणून संसदेने कायदा केला, तरी राज्याचे नियम, अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि नमुना अर्ज यांशिवाय तो बहुतांशी मुका राहतो. एखादी तरतूद वाचली की ती संहितेत आहे, मसुदा नियमांत आहे की अंतिम नियमांत आहे, हे राजपत्र पाहून ठरवावे आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या रंगीत तक्त्यांवर विसंबू नये. मंत्रिमंडळाची मंजुरी आणि कायदा यांतही अंतर असते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली, तेव्हा कामगाराची लेखी संमती ही अट त्यात होती. आता आपल्या ऑपरेटरला विचारावे की ठेकेदाराने पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर सही नाकारून दुसऱ्या दिवशी गेटपास चालू राहील का. त्याचे उत्तर त्या अटीच्या समोर लिहावे.

त्यानंतर तक्रारीचा मार्ग चालून पाहावा. वेतन संहितेखाली थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि प्राधिकारी रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. किमान वेतनापेक्षा कमी दिल्यास मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरीकडे निरीक्षकाचे पद ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ असे झाले आहे आणि तपासणी कोठे करायची, हे संगणकीय पद्धतीने ठरू शकते. ‘इन्स्पेक्टर राज’चा जाच लहान कारखानदारांना खरोखरच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पालावरच्या मजुराच्या दृष्टीने नोंदणीच नसलेली जागा संगणकाच्या यादीत येणार कशी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ऊसतोड आणि वीटभट्टीच्या बाबतीत एका जुन्या कायद्याकडे हटकून दुर्लक्ष होते. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चार संहितांत विलीन झालेला नाही. तो स्वतंत्रपणे जिवंत आहे. उचलीपोटी मजुराला काम सोडून जाण्यास मज्जाव केला, तर ती वेठबिगारी ठरू शकते, ते कर्ज कायद्याने संपुष्टात येते आणि ते वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले आहे. अर्ज थेट जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे करावा, दक्षता समितीचा उल्लेख करावा आणि मुक्तता प्रमाणपत्राची मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी. पुनर्वसनाची रक्कम त्याच कागदावर अवलंबून असते.

नोंदणीच्या बाबतीत थोडक्यात एवढेच की २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू असलेली ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची राष्ट्रीय, नोंदणी करून ठेवावी, परंतु कार्ड मिळाले म्हणजे लाभ मिळाला असे धरू नये. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि नेमक्या याच कागदाभोवती एजंटांचा बाजार उभा राहतो. ग्रामसेवकाकडून ते मिळू शकते, हे गावात सांगितले तरी पुष्कळ काम होते.

रोजगार हमीचीही तपासणी याच रीतीने करावी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तो विचार स्वीकारला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला; त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, राज्याचा वाटा ४० टक्के आहे आणि शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आहे. १२५ हा आकडा बघून थांबू नये. बंदीचे ६० दिवस कोणते जाहीर होतात, ते पाहावे आणि कारखाना बंद झाल्यावर एप्रिल-मे मध्ये परतलेल्या मजुराला मृगापूर्वी गावात काम मिळेल का, हे तपासावे.

परदेशातील उदाहरणे वापरताना

‘अमुक देशाने कायदे सैल केले आणि कारखाने आले’ असे वाक्य वादात हमखास येते. ते खोडण्याच्या किंवा उचलून धरण्याच्या आधी त्या सुधारणेतील नेमका बदल शोधावा. इंडोनेशियाने २०२० च्या एकत्रित कायद्याने नोकरीवरून काढतानाच्या भरपाईची कमाल मर्यादा ३२ महिन्यांच्या वेतनावरून २५ वर आणली, त्यांतील १९ महिन्यांचा भार मालकावर आणि ६ महिन्यांचा सरकारी योजनेवर ठेवला. पुढच्याच वर्षी तेथील घटना न्यायालयाने तो कायदा करण्याची प्रक्रिया सदोष ठरवली. हे उदाहरण कारखान्यातील कायम कामगारासंबंधी उपयोगाचे आहे, आपल्या टोळीसंबंधी नाही.

टोळीसाठी बांगलादेश आणि ब्राझीलकडे पाहावे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या सुरक्षा करारात कपडे विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांनी स्वतःला कायदेशीररीत्या बांधून घेतले आणि स्वतंत्र तपासणी मान्य केली. साखळीचे वरचे टोक बांधले गेले, म्हणून तेथे इमारती खरोखर तपासल्या गेल्या. ब्राझीलने २००३ मध्ये गुलामीसदृश मजुरी करून घेणाऱ्या मालकांची जाहीर यादी सुरू केली. यादीत नाव आले की बँका कर्ज देताना हात आखडता घेतात. साखर कारखान्यांचा गाडा कर्जावर चालतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. त्याच ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यात ऊस जाळून तोडणे बंद करण्याच्या धोरणाबरोबर यंत्रे आली आणि हाताने तोडणाऱ्यांची गरज झपाट्याने घटली. महाराष्ट्रातही तोडणी यंत्राला अनुदान दिले गेले आहे. मजुराचे हाल संपवण्याचा हा एक मार्ग आहेच, परंतु त्या यंत्राचे कर्ज आणि मालकी कोणाच्या नावावर जाते व कोयता खाली ठेवणाऱ्याला पुढे कोणते काम आहे, हे दोन प्रश्न त्या अनुदानाबरोबर विचारायलाच हवेत.

निष्कर्ष लिहून पाठवणे

तपासणी पूर्ण झाल्यावर तिचे एका पानाचे निवेदन करावे. नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात; त्यांची मुदत आणि पत्ता त्याच अधिसूचनेत असतो. निवेदनात संहितेचे नाव, नियमाचा क्रमांक, निवडलेला कामगार त्यातून कोठे बाहेर पडतो त्याचे दोन ओळींत वर्णन, रुपयांतील हिशेब आणि सुचवलेला नेमका बदल एवढेच असावे. ‘राज्यांतर्गत हंगामी स्थलांतर करणाऱ्या कामगारालाही प्रवासभत्ता लागू करावा’, ‘काट्याच्या पावतीवर टोळीचा नोंदणी क्रमांक छापावा’, ‘तोडणीची मजुरी कोयत्यातील दोघांच्या स्वतंत्र खात्यांवर जमा करावी’ अशी एकेका वाक्यातील मागणी अधिकाऱ्याला नियमात बसवता येते. चार पानी निषेधाचे तो काहीही करू शकत नाही. तिसरी मागणी विशेष आग्रहाने लिहावी, कारण कोयत्यात बाई निम्मे काम करते आणि हिशेबात तिचे नाव येत नाही.

निवेदनाची प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात देऊन पोच घ्यावी, ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा आणि ठरावाची नक्कल निवेदनाला जोडावी. ही ग्रामसभा शक्यतो दसऱ्यापूर्वी व्हावी. टोळ्या एकदा गेल्या की गावात म्हातारी माणसे आणि लहान मुलेच उरतात; मग मजुरांच्या सह्या घेण्यासाठी थेट फडावर जावे लागते आणि तेथे मुकादमासमोर सही करायला सहसा कोणी धजावत नाही.